नारायणरावांचा उत्तरार्ध

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र छापण्याची प्रथा आहे. अशी चरित्रे बहुधा गरिबीतून आरंभ करतात, कर्तृत्वाच्या शिखरावर पोहोचतात आणि तेथेच हात जोडून थांबतात. शिखरानंतरची उतरण कोणी फारशी सांगत नाही. तथापि माणसाची खरी परीक्षा पुष्कळदा उतरणीवरच होते, आणि त्याच्या भोवतालच्या समाजाचीही तेथेच होते. म्हणून नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात नटसम्राट बालगंधर्व, यांचे चरित्र या वर्षी लिहिताना त्यांच्या वैभवाइतकेच त्यांच्या उत्तरार्धाकडेही पाहावे, असे योजिले आहे.

नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. घरची स्थिती बेताची होती. मात्र गळ्याची देणगी अशी होती की, अवघ्या दहा-अकरा वर्षांच्या या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास बालगंधर्व म्हटले, असे सर्वत्र सांगितले जाते. ते नाव पुढे इतके रूढ झाले की, वयाच्या साठीनंतरही महाराष्ट्र त्यांना बालच म्हणत राहिला. या नावातच पुढच्या प्रश्नाचे बीज आहे असे आम्हांस वाटते. ज्याला लोक एकदा बाल म्हणून हृदयाशी धरतात, त्याला वृद्ध होण्याची मुभा ते सहजासहजी देत नाहीत.

1905 साली नारायणराव किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये निवर्तल्यापासून त्या मंडळीस नायिकेच्या भूमिकेसाठी तोलाचा गायक नट हवा होता. नारायणरावांच्या कानास दोष होता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्यांच्या उपचाराची व्यवस्था केली आणि मग मिरजेतच शकुंतलेच्या वेषात ते प्रथम रंगभूमीवर उभे राहिले. त्या काळी नाटकात जाणे ही प्रतिष्ठित घराण्यास लाज आणणारी गोष्ट समजली जाई. मुलाने शिकावे, कारकुनी वा वकिली करावी, निदान भिक्षुकी तरी करावी. परंतु तोंडास रंग लावून स्त्रीवेषात लोकांपुढे उभे राहावे, ही कल्पनाच ज्ञातीतील वडीलधाऱ्यांना असह्य होती. आज आपण ज्यांच्या नावाचा अभिमान मिरवतो, त्यांच्या प्रारंभी आपल्यापैकी पुष्कळांनी नाक मुरडले होते, हे प्रांजलपणे कबूल केले पाहिजे.

शाहू छत्रपतींचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. या राजाचे मल्लविद्येवर आणि नाट्यकलेवर सारखेच प्रेम होते. कोल्हापुरात त्यांनी 1912 च्या सुमारास खासबागेचे विस्तीर्ण कुस्ती मैदान उभारले आणि त्याच्या लगतच पॅलेस थिएटर बांधून घेतले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने प्रसिद्ध झाले आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये त्यास लागलेल्या आगीने अवघा महाराष्ट्र हळहळला. एका बाजूस तांबडी माती आणि दुसऱ्या बाजूस रंगमंच, असे हे शेजार आहे. हे शेजार केवळ विटामातीचे नव्हे. मल्ल आणि नट या दोघांचेही भांडवल त्यांचे स्वतःचे शरीर असते, दोघेही लोकांच्या आरोळ्यांवर जगतात आणि दोघांनाही एक दिवस एकच प्रश्न विचारावा लागतो. अंगातली रग ओसरू लागली म्हणजे काय करावे? त्याच डावांवर जोड मागत राहावे, नवे डाव शिकावे, की लंगोट खुंटीला टांगून वस्ताद म्हणून हौद्याच्या कडेला उभे राहावे? नारायणरावांपुढे हा प्रश्न 1930 नंतर उभा राहिला. परंतु तो समजण्यासाठी त्यांची रग काय प्रतीची होती, हे आधी पाहिले पाहिजे.

12 मार्च 1911 रोजी खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांच्या तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला. प्रयोग पुढे ढकलावा, असे अनेकांच्या मनात होते. परंतु मायबाप प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून नारायणरावांनी दुःख गिळले आणि भामिनीची भूमिका केली. 1913 मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. त्यानंतरचे दशक हे मराठी संगीत रंगभूमीचे सुवर्णयुग म्हणून ओळखले जाते. 1916 च्या 'स्वयंवरा'तील रुक्मिणी, 1919 च्या 'एकच प्याला'तील सिंधू, 1920 मधील द्रौपदी आणि जुन्या 'सौभद्रा'तील सुभद्रा या भूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूची तालीम, बडोद्याच्या गायकवाड सरकारचा आश्रय, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला, असा तो थाट होता.

या थाटाचे वैशिष्ट्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. नारायणराव स्त्रीचे केवळ सोंग आणत नसत. कुलीन स्त्रीने कसे चालावे, पदर कसा सावरावा, अबोल्यात राग कसा दाखवावा आणि डोळ्यांत पाणी असता स्वर कसा राखावा, याचा एक आदर्शच ते निर्माण करीत. घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगड्यांची व केशभूषेची नक्कल करीत. सिंधूच्या भूमिकेत विटके लुगडे नेसूनही त्यांनी प्रेक्षकांना रडविले, म्हणजे त्यांची मोहिनी केवळ भरजरी शालूंत नव्हती. मात्र ती यौवनाच्या आभासावर, सडपातळ बांध्यावर आणि समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष सहवासावर अवलंबून होती. एका पदास चार-चार वेळा वन्समोअर मिळे आणि दर वेळी तेच पद नव्या अंगाने फुले. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. गायक आणि श्रोते यांची ती संगनमताने चाललेली साधना होती.

1921 साल हे या वैभवाचे माध्यान्ह म्हणावे लागेल. त्या वर्षी 8 जुलै रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. त्यात केशवराव भोसले धैर्यधर आणि नारायणराव भामिनी होते. ज्ञातीज्ञातींत विभागलेल्या समाजाने त्या रात्री कलेच्या दोन्ही सूर्यांना एकत्र पाहिले. पुढे तीन महिन्यांतच केशवराव निवर्तले. त्याच सुमारास गंधर्व मंडळीवर मोठे कर्ज झाल्याचे उघडकीस आले. द्रौपदीच्या नेपथ्यावरील अवाढव्य खर्च आणि हिशेबाकडील दुर्लक्ष यांचे हे फळ होते. नादारी पुकारून मोकळे होण्याचा मार्ग कायद्याने खुला होता. नारायणरावांनी तो पत्करला नाही. सारे कर्ज स्वतःच्या शिरावर घेऊन सहा-सात वर्षे प्रयोगामागून प्रयोग करून त्यांनी ते फेडले. व्यवहारात भोळा असलेला हा माणूस नीतीत किती कणखर होता, याचा यापेक्षा दुसरा पुरावा नको.

परंतु कर्ज फिटेपर्यंत काळ बदलला होता. 1931 मध्ये भारतातील पहिला बोलपट आला आणि 1932 मध्ये प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठीस बोलते केले. नाटकाच्या तिकिटाहून कमी पैशांत प्रेक्षकास दोन-अडीच तासांत गाणे, कथा आणि देखावे मिळू लागले. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर स्वतः नायिका म्हणून उभ्या राहू लागल्या. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि पदांची संख्याही मोजकीच ठेवली. इकडे नारायणराव पंचेचाळिशीस आले होते व अंगाने स्थूल झाले होते. 1931 च्या 'कान्होपात्रा'तील त्यांच्या अभंगांनी अद्यापि श्रोत्यांचे भान हरपत असे. पण डोळे मिटून ऐकणारे वाढत होते आणि डोळे उघडून पाहणारे कमी होत होते.

या वेळी त्यांनी काय करावयास हवे होते, याविषयी रसिकांत दोन पक्ष होते व आजही आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, जुन्या नटाने आपला बाज बदलू नये. लोक त्याच्याकडे येतात ते त्याच्या पूर्वीच्या रूपाची आठवण जागविण्यासाठी. ते रूपच त्याने टाकले तर त्याच्यापाशी उरले काय? शिवाय कलावंत हा बाजारातला दुकानदार नव्हे की, गिऱ्हाइकाची मर्जी पाहून माल बदलावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, शरीर जे आता करू शकत नाही, ते करीत राहणे हा कलेचाच अवमान आहे. पुरुषाने नायिका होण्याची रीत सामाजिक अडचणीतून जन्मली होती. ती अडचण दूर झाल्यावर रीतीस चिकटून राहणे योग्य नव्हे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. नारायणरावांनी मात्र दोन्ही पक्षांचे आळीपाळीने ऐकले आणि दोन्हींकडून त्यांस दुःख झाले.

1934 च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळी बंद झाली आणि त्यांनी प्रभात कंपनीशी भागीदारी केली. 1935 मध्ये शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' हा बोलपट निघाला. त्यात नारायणराव संत एकनाथ झाले. ज्या मुखावर तीस वर्षे कुंकू शोभले, त्या मुखाने प्रथमच पुरुषाची, तीही एका साधूची भूमिका एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. विषय उदात्त होता. अस्पृश्यांस जवळ करणारा एकनाथ त्या दिवसांत समाजापुढे ठेवणे हे धैर्याचेही काम होते. वेष, माध्यम, भूमिका असे सर्व काही एका फटक्यात बदलले. तरीही नारायणरावांचे मन तेथे रमले नाही. चित्रपटगृहात प्रेक्षक असतात, पण चित्रण चालते तेथे नसतात. तुकड्यातुकड्यांनी केलेला अभिनय, यंत्राच्या सोयीने आखलेले चार मिनिटांचे पद आणि समोर वन्समोअर देणारे कोणी नाही! ज्या आखाड्यात लोकांची आरोळीच नाही, तेथे त्यांच्या अंगात बळ संचारणार कसे? एका चित्रपटानंतर ते नाते संपले.

मग ते उलट टोकास गेले. 1937 च्या 'साध्वी मीराबाई' या बाबूराव पेंटरांच्या चित्रपटात एकोणपन्नास वर्षांच्या नारायणरावांनी पुन्हा स्त्रीभूमिका केली आणि मीरा रंगविली. रंगमंचावरचे दिवे, अंतर आणि स्वर यांच्या संगमातून जो आभास उत्पन्न होई, तो कॅमेऱ्याच्या निष्ठुर डोळ्यापुढे टिकला नाही. चित्रपट पडला. नाटक मंडळी पुन्हा उभी राहिली. पण तिचे पूर्वीचे दिवस परत आले नाहीत.

याच काळात त्यांच्या आयुष्यात गोहरबाई कर्नाटकी आल्या. विजापूरकडील बिळगीच्या या गायिकेने नारायणरावांची गायकी मनोभावे आत्मसात केली होती. 1938 च्या सुमारास त्या मंडळीत नायिकेच्या भूमिका करू लागल्या आणि नारायणरावांच्या वाट्यास पुरुषांच्या भूमिका आल्या. नाट्यदृष्ट्या पाहता हीच ती व्यवस्था होती, जी कालानुरूप म्हणता आली असती. परंतु लोकांनी ती तशी पाहिली नाही. गोहरबाई मुसलमान, त्यांत गायिका. हे आपल्या ज्ञातीस आणि एकंदर पांढरपेशा समाजास रुचले नाही. जिवलग दुरावले आणि घरातही विसंवाद झाला. 1940 मध्ये पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. 1951 मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्या विवाहातील गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. लक्ष्मीबाईंचे दुःख खरे होते व ते विसरता येत नाही. परंतु पाय लुळे पडून अंथरुणास खिळलेल्या नारायणरावांपाशी 1964 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत ज्या राहिल्या, त्या गोहरबाईच होत, हेही तितकेच खरे आहे. ज्ञातीने टीका केली. शुश्रूषा त्यांनी केली. चरित्रलेखकाने ही नोंद केल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यांच्याच मंडळीतील इतर कलावंतांकडे पाहिले असता काही बोध होतो. गोविंदराव टेंबे 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले आणि त्या चित्रपटास त्यांनीच संगीतही दिले. नारायणरावांचे गुरुबंधू मास्टर कृष्णराव यांनी 'धर्मात्मा'चे संगीत केले आणि पुढे 'माणूस', 'शेजारी' अशा चित्रपटांतून एक नवी ख्याती मिळविली. थिरकवांसाहेब रामपूरच्या दरबारात गेले आणि पुढे लखनौला अध्यापनही करू लागले. या तिघांनीही आपापले स्थान बदलले; परंतु आपल्या कलेचे जे अंतरंग, ते मात्र बरोबर नेले. टेंबे व कृष्णराव यांची स्वररचना आणि थिरकवांचा हात वेषावर अवलंबून नव्हते, म्हणून ते कोठेही उभे राहू शकले.

नारायणरावांच्या कलेचे अंतरंग कोणते होते? आमच्या मते ते त्यांचे गाणे होते. शब्दाचा अर्थ स्वरातून उलगडून दाखविणारी, लडिवाळ तरी संयत अशी ती गायकी. स्त्रीवेष हे त्या गायकीचे तारुण्यातील तेजस्वी वस्त्र होते. 1935 मध्ये त्यांनी वस्त्र बदलले. पण नवे वस्त्र असे निवडले की, त्यात गाण्यास मोकळा श्वास घेता येईना. 1937 मध्ये जुने वस्त्र पुन्हा चढविले, तेव्हा ते अंगास बसेना. उतारवयात मात्र त्यांनी भजनाची बैठक धरली. समोर मोजके श्रोते, मागे साथ, आणि पाय चालत नसल्याने बसूनच गाणे. ज्यांनी ते ऐकले, त्यांना वेषावाचूनही बालगंधर्व ओळखता आले. तेच त्यांचे खरे रूपांतर होय. खंत एवढीच की, ते वैभवाच्या भरात योजनापूर्वक न होता विपत्तीने त्यांच्यावर लादले. वयाच्या चाळिशीत, हाती प्रतिष्ठा व शिष्यवर्ग असताना, त्यांनी नायिकेची भूमिका पुढील पिढीतील स्त्रियांकडे सोपवून स्वतः गायनगुरूचे आसन स्वीकारले असते, तर गंधर्व मंडळी एक विद्यापीठ झाली असती. हौद्याच्या कडेला उभा राहिलेला वस्ताद पराभूत नसतो. त्याचे डाव दुसऱ्यांच्या अंगातून खेळत असतात.

पण हा दोष केवळ त्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी तीच सुभद्रा, तीच भामिनी पुन्हा पुन्हा करावी असा आग्रह कोणाचा होता? आपलाच. पुरुषभूमिकेत ते दिसले की हळहळणारे आपण, आणि स्त्रीभूमिकेत स्थूल दिसले की हसणारेही आपणच. वृद्ध कलावंताने बदलावे की न बदलावे, हे तो एकटा ठरवू शकत नाही. त्याच्या चरितार्थाची तरतूद झाली असेल तरच त्यास थांबण्याचे स्वातंत्र्य असते. पोटासाठी रोज रंग लावणाऱ्यास वानप्रस्थाचा उपदेश करणे सोपे आहे. ज्या माणसाने देणेकऱ्यांची पै न् पै चुकती केली, त्याच्या वार्धक्याचे देणे समाजाने मात्र वेळेवर दिले नाही. मानसन्मान आले, पण उशिरा आले. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आणि 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा नारायणराव स्वतःच्या पायांवर उभे राहू शकत नव्हते.

8 ऑक्टोबर 1962 रोजी पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. जिवंतपणी आपल्या स्मारकाचा पाया घालण्याचे भाग्य कितीजणांस लाभते! परंतु ते मंदिर उभे राहिलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 15 जुलै 1967 रोजी त्यांचे देहावसान झाले आणि 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. अलीकडच्या वर्षांत ही वास्तू पाडून नवी उभारावी की आहे तशी जतन करावी, यावर पुण्यात मोठा वाद झाला. नारायणरावांना आयुष्यभर छळणारा प्रश्न त्यांच्या नावाच्या भिंतींनाही चुकला नाही! त्याचे उत्तरही तेच असावे असे आम्हांस वाटते. भिंती बदलाव्यात अथवा राखाव्यात. आत गाणे मात्र चालू राहिले पाहिजे.

आपल्या ज्ञातीत आजही कीर्तनकार, गायक, वादक व नट आहेत. त्यांतील काही साठी ओलांडून गेले आहेत आणि अजून कार्यक्रमांच्या निमंत्रणांवर अवलंबून आहेत. नारायणरावांचे तैलचित्र सभागृहात लावणे योग्यच आहे. त्याचबरोबर संस्थेच्या शिक्षण निधीच्या शेजारी वृद्ध कलावंतांसाठी एक लहानसा निधी उघडता आला आणि त्या बदल्यात त्यांनी आठवड्यातून एक दिवस मुलांना शिकवावे अशी योजना करता आली, तर त्यांना सन्मानाने थांबताही येईल व नव्याने आरंभही करता येईल. त्या तैलचित्राखाली तंबोरा घेऊन बसलेला एखादा वृद्ध गुरू आणि त्याच्यासमोर चार मुले-मुली, हे दृश्य नारायणरावांना हारतुऱ्यांपेक्षा अधिक प्रिय झाले असते.